चोवीस पट्टेवाले

आमच्या शाळेला पट्टेवाले तीन मंजूर होते. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यातला एक गावी गेलेला, दुसरा कंबर धरून घरी पडलेला आणि तिसरा शिडीवर. शिडीवरचा तो ज्ञानदेव खिल्लारे. घंटा द्यायची वेळ झाली की तो वरूनच ओरडायचा, "सर, तेवढी घंटा मारा ना, माझ्या हातात आफ्रिका आहे." आणि मी, इतिहासाचा शिक्षक, जाऊन घंटा मारायचो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाने कुठल्या कामाला नाही म्हणायचं नसतं.

शाळा भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या वाटेवर. तिचा रौप्यमहोत्सव आला होता. मुख्याध्यापिका चंद्रावतीबाईंनी ठरवलं की हॉलच्या लांब भिंतीवर जगाचा नकाशा काढायचा, तोही आजचा नाही. दहावीला पहिलं महायुद्ध होतं, म्हणून एकोणीसशे चौदाचा. बारा फूट लांब, सात फूट उंच. पेंटर बोलवायचं चाललं होतं तेव्हा ज्ञानदेव चहाचे कप गोळा करत होता. तो म्हणाला, "बाई, मी काढतो." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नोटीस फळ्यावरच्या त्याच्या अक्षराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "काढ."

ते अक्षर उत्तनचं होतं. ज्ञानदेव मूळचा परभणीकडचा. अठ्ठ्याहत्तर साली मामाचं बोट धरून भाईंदरच्या मिठागरावर आला, दोन मोसम मीठ ओढलं, पायाला भेगा पडल्यावर उत्तनला गेला. तिथे मोसमाआधी बोटी रंगवायला माणूस लागतो. एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली तो बोटींवर नावं लिहायला शिकला. बोटीचा पोटाकडचा भाग फुगीर, त्यावर सरळ ओळ लिहिणं म्हणजे डोक्यावर हंडा घेऊन पळणं. ते जमलं त्याला भिंत म्हणजे आराम. पुढे शाळेत शिपाई म्हणून लागला आणि नोकरी करता करता दहावी झाला. तीन वेळा गणिताने पाडला, चौथ्या वेळी गणितालाच दया आली. भूगोलात मात्र त्याला ब्याऐंशी होते, आणि हे तो कुणालाही, कशावरूनही सांगू शकायचा.

मी मूर्तिजापूरच्या शाळेत शिकलेलो. मला सगळा इतिहास येतो असा माझा समज होता. तो ज्ञानदेवने साधारण दोन आठवड्यांत दुरुस्त केला.

झालं असं, की नकाशाला रंग ठरले. इंग्रजांचं ते गुलाबी, फ्रेंचांचं जांभळं, तुर्कांचं हिरवं. वसाहत असेल तर भरीव रंग. आणि संरक्षित राज्य, म्हणजे राजा जागेवर आहे पण त्याच्या डोक्यावर कुणीतरी बसलंय, त्याला त्या रंगाचे तिरपे पट्टे. हे बाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि त्या निघून गेल्या. भरीव रंग मारायला काय, ब्रश घेतला की अख्खा देश एका तासात उरकतो. पट्ट्यांचं तसं नाही. गेरूत भिजवलेली दोरी दोन्ही बाजूंनी ताणायची, मधे धरून टणकन सोडायची, भिंतीवर रेघ उमटते, मग पुढची, मग एकाआड एक पट्टी भरायची आणि रंग ओघळला तर रॉकेलचा बोळा घेऊन धावायचं. एका देशाला अख्खा दिवस. त्यामुळे अमुक देश संरक्षित की वसाहत, हा प्रश्न ज्ञानदेवच्या खांद्यात दुखायला लागला.

"सर, नक्की सांगा," तो शिडीवरून म्हणायचा, "न्यासालँडला पट्टे आहेत का? उगाच मारून बसलो आणि नंतर तुम्ही म्हणालात वसाहत होती, तर मी दोरी तुमच्या गळ्यात घालीन."

मी पुस्तक बघायचो. पुस्तक म्हणायचं, संरक्षित. दुसरं पुस्तक म्हणायचं, 'इंग्रजांच्या ताब्यातील प्रदेश'. ॲटलासमध्ये नुसतं गुलाबी. ताब्यातील म्हणजे कसलं ताब्यातील? भाडेकरूही ताब्यात असतो आणि मांजरही.

शेवटी ज्ञानदेवने स्वतःच कसोटी काढली. मधल्या सुट्टीत हॉलच्या पायरीवर बसून, डबा उघडायच्या आधी.

"तीन प्रश्न विचारायचे. एक, आत कुणाचं चालतं? म्हणजे भांडणतंटा, सारा, न्यायनिवाडा, त्यांच्याच राजाचा का? दोन, बाहेर कुणाचं चालतं? लढाई, तह, परक्याशी बोलणं? आणि तीन, कागद आहे का? सही केलीय का त्या राजाने, की मला सांभाळा? आतलं त्याचं, बाहेरचं धन्याचं, आणि कागद आहे, तर पट्टे. नाहीतर भरीव."

"आणि आतलंसुद्धा धनीच बघायला लागला तर?" मी म्हटलं.

"ते सगळीकडेच बघतात हो. आमच्या सिल्व्हर पार्कात बिल्डर बघतो ना. सोसायटी आमची, चेअरमन आमचा, पण पाण्याच्या टाकीची किल्ली अजून त्याच्या माणसाकडे. म्हणून काय आम्ही बिल्डरची वसाहत झालो? आम्ही पट्टेवाले."

हा शब्द तिथून सुरू झाला. पट्टे असलेले ते पट्टेवाले. सोपं होतं. झांजीबार पट्टेवाला, ब्रुनेई पट्टेवाला, कंबोडिया फ्रेंचांचा पट्टेवाला. ट्युनिसिया, मोरोक्को, दोघे पट्टेवाले. हा स्वतः पट्टेवाला असलेला माणूस सुलतानांना आणि राजांना आपल्या खात्यात भरती करून घेत होता, आणि त्याचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. दहावी ब सुद्धा त्यात पडली. तास संपला की पोरं हॉलकडे पळायची, "मामा, आज कोण लागला?" आणि ज्ञानदेव गंभीरपणे सांगायचा, "बेचुआनालँड. कायम केला."

पश्चिम आफ्रिकेने त्याचे चार दिवस खाल्ले. नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन, गँबिया. या चौघांचा किनारा वसाहत आणि आतला मुलूख संरक्षित. म्हणजे समुद्राकाठची चिंधोटी भरीव, वर पट्टे. यांना त्याने नाव दिलं 'अर्धवट'.

मग आला इजिप्त. मी आत्मविश्वासाने म्हटलं, "मारा पट्टे. चौदा साली इंग्रजांनी इजिप्त संरक्षित राज्य जाहीर केलं. हे मला पाठ आहे."

ज्ञानदेवने दोरी खाली ठेवली. "चौदा म्हणजे चौदातलं कधीचं?"

"म्हणजे?"

"सर, वर्षाला बारा महिने असतात. तुमचा पगार कधी होतो ते तुम्हाला तारखेनिशी माहीत असतं, आणि इजिप्तचं नुसतं चौदा?"

मी पुस्तकं उलटीपालटी केली. अठरा डिसेंबर एकोणीसशे चौदा. त्याआधी कागदावर तो मुलूख तुर्कांच्या सुलतानाचा, इंग्रजांचं लष्कर फक्त तिथे बसलेलं. ज्ञानदेव शिडीवरून उतरला, हॉलमधून दोन फेऱ्या मारून आला, परत चढला आणि नकाशाच्या माथ्यावर शीर्षकाच्या आधी लिहिलं: '१ जानेवारी'. मग हिरवा डबा उघडून इजिप्त तुर्कांना देऊन टाकला. आपण काय केलं हे मला सांगावंसं त्याला वाटलं नसावं. मला मात्र असा आनंद झाला, जणू इजिप्तला मीच सोडवलं.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. घोटाळा चिठ्ठीने केला.

बाईंनी त्याला रोजची प्रगती कळवायला सांगितली होती. एका सोमवारी त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये त्याने चिठ्ठी ठेवली:

'बाई, पट्टेवाले एकोणीस नक्की झाले. चार अर्धवट आहेत. एक राहिला, त्याचा निकाल तुम्ही लावावा. – ज्ञानदेव.'

बाई ठाण्याला मीटिंगला गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत येऊन बसले संस्थेचे कार्यवाह, कमळाकरशेठ. उत्तनचे, दोन बोटींचे मालक, उंचेपुरे, आणि बाईंची खुर्ची रिकामी दिसली की ट्रे वाचायची त्यांना सवय.

मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. शेठ चिठ्ठी हातात नाचवत आले.

"ओ सर. ह्ये काय चाललंय? एकोनीस पट्टेवाले नक्की? कोनी केले नक्की?"

मी म्हटलं, "आम्ही दोघांनीच ठरवलं, शेठ."

"तुमी दोघांनी. तुमी तासावरचे आनि तो शिपाई. संस्थेला विचारायचं न्हाय. आपल्या शालेत मंजूर किती हायत? तीन. आनि ह्ये एकोनीस. वर चार अर्धवट. मी म्हनतो, अर्धवट मानूस घ्यायचाच कशाला?"

आता मला उलगडायला पाहिजे होतं, पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात गँबिया होता. मी शांतपणे म्हटलं, "शेठ, ते चौघे किनाऱ्याकडचे आहेत. किनाऱ्याकडचे अर्धवटच असतात."

उत्तनच्या माणसापुढे हे वाक्य बोललो. शेठचे कान लाल झाले.

"आनि हा एक, ज्याचा निकाल लावायचाय," ते दात आवळून म्हणाले, "तो कोन?"

"हैदराबाद."

शेठ थांबले. चिठ्ठीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "हैदराबादहून पट्टेवाला आनलात?"

मग मला हसू फुटलं आणि मी त्यांचा हात धरून त्यांना हॉलमध्ये घेऊन गेलो. नाहीतर त्या दिवशी माझे तास संपले होते.

शेठ नकाशापुढे उभे राहिले. समुद्राच्या निळ्यावर नुकताच हात फिरला होता आणि दुपारचं ऊन खिडकीतून भिंतीवर आलं होतं. शेठ चिठ्ठी खिशात घालून भिंतीच्या आणखी जवळ गेले. मग त्यांनी शिडीवरच्या माणसाला विचारलं, "ह्या समुद्राचा रंग कुटला रं?"

"तुमच्या बोटीचाच आहे, शेठ. तुमच्याकडचा अर्धा डबा उरला होता. तुमच्या घरी गेलो, सुलूवहिनींनी दिला."

"मला न विचारता?"

"तुम्ही समुद्रात होतात."

शेठ हसले नाहीत, पण मिशी हलली. मग त्यांची नजर खाली उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे निळं मारलेलं नव्हतं. पेन्सिलने आखलेली एक पांढरी चौकट होती, साधारण पाटीएवढी.

"ह्ये काय सोडलंय?"

ज्ञानदेव शिडीवरून खाली उतरला. हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "नावाला, शेठ."

"हां. आमच्या बाबांचं. कैलासवासी धाकूशेठ यांच्या स्मरनार्थ. सभेत ठरलंय."

"ते वर येणार, शेठ. मोठ्या अक्षरात, सोनेरी. खाली काढणाऱ्याचं. लहान."

"काढनाऱ्याचं म्हंजे तुझं?"

"माझं."

ज्ञानदेवने आयुष्यात शेकडो नावं लिहिली होती. बोटींवर बायकांची, देवांची, पोरींची. शाळेत देणगीदारांची, गुणवंतांची, मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीची. त्याचं स्वतःचं नाव कुठल्याही भिंतीवर, फळीवर, लाकडावर नव्हतं. मला हे त्या क्षणी कळलं. त्याला ते चौदा वर्षं माहीत असणार.

"ज्ञानदेव," शेठ म्हणाले, आणि आवाज वाईट नव्हता, "शिपायाचं नाव भिंतीवर टाकलं तर उद्या गवंडी मागेल, परवा सुतार. आनि त्यात चुका असल्या तर? वर आमच्या बाबांचं नाव आनि खाली चुकलेलं जग. लोक हसतील."

"चूक नसली तर?"

शेठने विचार केला. "ठान्याच्या विमलाबाई येनार हायत ना उद्घाटनाला. कालेजात इतिहास शिकवायच्या. त्यांनी तपासावा. त्या म्हनल्या चूक न्हाय, तर टाक नाव. एक जरी चूक निघाली, तर त्या चौकटीत समुद्र मारायचा. कबूल?"

"कबूल," ज्ञानदेव म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे वळला. "सर, आता हैदराबाद."

हैदराबाद हा नुसता देश नव्हता. परभणी निजामाच्या राज्यात होती. ज्ञानदेवचे वडील बाबाजी त्याच राज्यात जन्मले, तिथेच सालगडी झाले. आणि कसोटी लावली तर निजाम सरळ पास होत होता. आतलं त्याचं, बाहेरचं इंग्रजांचं, कागद तर सर्वांत आधीचा. तैनाती फौज. हा शब्द शाळेत शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो म्हणेल, पहिला निजाम. मग झांजीबारच्या सुलतानाला पट्टे आणि निजामाला भरीव गुलाबी, हे कसं?

"पण एकाही नकाशात संस्थानांना पट्टे नाहीत," मी म्हटलं.

"नकाशात नाहीत म्हणूनच विचारतोय ना."

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. सिल्व्हर पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. संध्यावहिनी पोहे करत होत्या. त्यांना तीन प्रश्नांची कसोटी पाठ झालेली. म्हणाल्या, "सर, आमच्या घरालाही लावा ती. आत माझं चालतं, बाहेर यांचं. आणि कागद कोर्टातला आहे."

"म्हणजे धनी कोण आणि पट्टेवाला कोण?"

"ते यांना विचारा," त्या म्हणाल्या आणि ज्ञानदेवपुढे बशी ठेवली. त्याने निमूटपणे खायला सुरुवात केली.

बाबाजी खिडकीशी बसले होते. सत्तरीच्या पुढचे, कान तिखट. ज्ञानदेवने विचारलं, "बापू, निजामाच्या राज्यात होता तवा तुम्हाला वाटायचं का, की वर इंग्रज आहे?"

"आमच्या वर लई जण होते," बाबाजी म्हणाले. "पाटील, देशमुख, मग तहसीलवाला, मग निजाम. त्याच्या वर इंग्रज असंल तर असंल. एवढ्या वर मान करून बघायला सवड कोणाला?"

"पण इंग्रजांनी संरक्षण दिलं होतं म्हणतात."

"कोणाला?"

"राज्याला."

"राज्याला कुठं? निजामाला दिलं होतं. आम्हाला कोणी दिलं?" म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला. "तुमचे ते दुसरे देश हायत ना, झांजी का काय, तिथल्या सालगड्यांला तरी मिळालं होतं का संरक्षण?"

आम्ही तीन आठवडे राजांच्या गळ्यात पट्टे घालत होतो. हा प्रश्न आमच्या तिन्ही प्रश्नांत बसत नव्हता.

"ते नकाशात कसं दाखवू, बापू?"

"नको दाखवू. तुला नाव लिहायचंय का भांडायचंय?"

ज्ञानदेवला दोन्ही करायचं होतं. मंगळवारी त्याने किरकोळ रजा टाकली आणि ठाण्याला जाऊन वाचनालयात इंग्रजी पुस्तक आणि शेजारी शब्दकोश असा दिवसभर बसला. बुधवारी सकाळी आला तो धापा टाकत.

"सर, चौथा प्रश्न सापडला. धन्याच्या स्वतःच्या दप्तरात तो मुलूख कसा लिहिलाय? परका की घरचा? झांजीबारला इंग्रज परका मुलूख म्हणायचे. पण एकोणनव्वदचा त्यांचा कायदा आहे, अठराशे एकोणनव्वदचा. त्यात 'इंडिया' म्हणजे काय ते लिहिलंय. इंग्रजांचा भाग, अधिक संस्थानिकांचा मुलूख. दोन्ही मिळून इंडिया. म्हणजे निजाम घरात धरला."

"मग?"

"मग भरीव," तो म्हणाला. आनंद आणि नाराजी दोन्ही चेहऱ्यावर. दोरी त्याने सोमवारीच गेरूत भिजवून ठेवली होती. ती तशीच पिळून वाळत टाकली आणि हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, आमच्या जवळचं जव्हार, सगळ्यांना भरीव गुलाबी मारून वर नुसती बारीक काळी हद्द काढली. परभणी जिथे असेल तिथे तो दोनदा ब्रश फिरवताना मी पाहिलं.

विमलाबाई आल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. बुटक्या, खणखणीत, हातात काठी; ती टेकायला नव्हती, दाखवायला होती. हॉलमध्ये संस्थेची माणसं, शिक्षक, पाठीमागे दहावी ब. ज्ञानदेव धुतलेला गणवेश घालून नकाशाच्या कडेला. चौकट अजून पांढरीच.

"संरक्षित राज्यांचे पट्टे कुणी ठरवले?" त्यांनी विचारलं. मी ज्ञानदेवकडे बोट दाखवलं. विमलाबाईंनी काठी उचलली ती थेट इजिप्तवर.

"इथे पट्टे का नाहीत? चौदा साली इजिप्त संरक्षित राज्य झालं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं."

मागून कुणीतरी खोकलं. तो मीच होतो.

"झालं बाई, पण अठरा डिसेंबरला," ज्ञानदेव म्हणाला. "नकाशा एक जानेवारीचा आहे. वर लिहिलंय."

विमलाबाईंनी मान वर केली, तारीख वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुढे," त्या म्हणाल्या, पण आता काठी वेगाने चालायला लागली. गोल्ड कोस्ट. "अर्धा का?" उत्तर आलं. मलाया. उत्तर आलं. सारवाक. "राजा गोरा आहे की इथला?" "गोरा. पण कागद अठराशे अठ्ठ्याऐंशीचा." दहावी ब पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेत आली होती आणि प्रत्येक उत्तरानंतर तिच्यातून दबलेला आवाज निघत होता, जसा शेवटच्या षटकात निघतो.

काठी हिंदुस्थानवर आली. "हैदराबादला पट्टे हवेत. तैनाती फौज होती."

ज्ञानदेवने चौथा प्रश्न सांगितला. कायदा सांगितला. विमलाबाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे बारीक होत होते.

"पण त्याच इंग्रजांनी निजामाच्या प्रजेला ब्रिटिश प्रजा मानलं नाही. संरक्षणातली माणसं म्हटलं. ते कुठे गेलं?"

"ते मी वाचलेलं नाही," ज्ञानदेव म्हणाला.

"मी वाचलंय," विमलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षं वाचतेय. आणि यावर माणसं अजून भांडतात. त्यामुळे याला चूक म्हणता येणार नाही. मी तुमच्या बाजूने नाही, पण तुमची बाजू आहे." त्या कमळाकरशेठकडे वळल्या. "नकाशात चूक नाही, शेठ. नोव्हेंबरात तुर्कस्तानशी युद्ध जुंपलं नसतं तर इजिप्त पुढेही असाच हिरवा राहिला असता. हे इतकं बारीक मी कॉलेजातही पाहिलं नाही."

टाळ्या झाल्या. चंद्रावतीबाईंनी पदराने डोळे टिपले. शेठने मान डोलावली आणि ज्ञानदेवला चौकटीकडे खूण केली.

ज्ञानदेव हलला नाही. तो नकाशाकडे बघत होता, इजिप्तच्या जरा वर.

"एक चूक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"सायप्रस, बाई. मी गुलाबी मारलाय. नोव्हेंबरात इंग्रजांनी तो घेतला, तुर्कस्तानशी युद्ध लागल्यावर. तुम्ही आत्ता म्हणालात तेव्हा आठवलं, त्याच पानावर होतं. एक जानेवारीला तोसुद्धा कागदावर सुलतानाचाच. इजिप्त हिरवा, तर हाही हिरवा पाहिजे."

सगळे पुढे वाकले. भिंतीवर चिंचोक्याएवढं गुलाबी बेट होतं. विमलाबाई भिंतीशी जाऊन टाचा उंचावून बघायला लागल्या. त्यांना स्वतःला ते दिसलं नव्हतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

शेठ म्हणाले, "अरे, बाईंनी पास केला तुला. गप बसला असतास तर कोनाला कललं असतं?"

"दहावी ब ला, शेठ. ही पोरं रोज याच भिंतीला टेकून डबा खातात."

"मग अट काय होती?"

"चूक निघाली तर समुद्र." ज्ञानदेव खाली बसला आणि निळ्या डब्याचं झाकण उचकटायला लागला. चंद्रावतीबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि शेठनीही हात पुढे केला, पण कशासाठी ते त्यांनाही कळलं नसावं.

"थांबा," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी जवळची खुर्ची काठीने ओढली आणि बसल्या. "शेठ, तुमच्या शाळेतली नापास मुलं ऑक्टोबरच्या परीक्षेला बसतात का?"

"बसतात की. पुष्कल बसतात."

"पास झालेल्याला पास म्हणता ना?"

"म्हनावंच लागतं."

"मग यांचा ऑक्टोबर आत्ता आहे. निळा डबा ठेवा, खिल्लारे. हिरवा घ्या. मला चहा मिळेल का? चहा संपेपर्यंत बेट हिरवं झालं पाहिजे. मग मी पुन्हा तपासते."

शेठने कुणाकुणाची तोंडं बघितली. "ह्ये नियमात बसतं?"

"तपासणारी मी आहे," विमलाबाई म्हणाल्या. "आणि माझी तपासणी अजून संपलेली नाही."

चहा आणायला शिपाई नव्हता. शिपाई शिडीवर होता. मी पळालो. परत आलो तेव्हा ज्ञानदेव शून्य नंबरचा ब्रश घेऊन, डावा हात भिंतीला टेकवून, श्वास रोखून काम करत होता. जुन्या गुलाबीला आधी रॉकेलने पुसलं, तर भोवतालच्या समुद्रात गुलाबी ओघळ उतरला. कुणीतरी "अरे अरे" म्हटलं. त्याने अंगठ्याने ओघळ टिपला, निळा लावला, मग हिरवा. बेटाचं लांब टोक पूर्वेकडे जातं, तेसुद्धा काढलं. विमलाबाई मुद्दाम फुंकर घालून घालून चहा पीत होत्या. इतका गार चहा मी कुणाला फुंकताना पाहिलेला नाही.

कप बशीत ठेवला. उठल्या. पुन्हा सगळं जग तपासलं, यावेळी घाईत नाही, सगळी बेटं मोजत. मग म्हणाल्या, "पास."

आता सगळे शेठकडे बघत होते. शेठने खिशातून ती जुनी चिठ्ठी काढली, का कोण जाणे, उघडली, पुन्हा घडी घातली. "टाक बाबा नाव," ते म्हणाले. "पन बाबांच्यापेक्षा लहान."

ज्ञानदेवने नाव लिहिलं. एरवी हात फिरवला की अक्षर उमटायचं त्याला. त्या दिवशी 'ज्ञ' काढायलाच मिनिटभर लागलं. 'रेखाटन : ज्ञानदेव बाबाजी खिल्लारे'. खाली जागा उरली होती. थोडा थांबला आणि आणखी बारीक अक्षरात लिहिलं : 'चुका कळवाव्यात.'

चंद्रावतीबाई म्हणाल्या, "हे कशाला रे? उगाच लोकांना वाट दाखवतोस."

त्याने ऐकलं नाही.

पहिली तक्रार आठव्या दिवशी आली. कमळाकरशेठ सकाळी सव्वासातला हॉलमध्ये हजर, काखेत कुठून तरी मिळवलेला जाडजूड ॲटलास, चपला दाराबाहेर.

"ज्ञानदेव. टोंगाला पट्टे का मारलेस?"

"कागद आहे, शेठ. एकोणीसशे सालचा तह."

"तह असंल. पन राजा त्यांचाच ना? कायदा त्यांचा. जमीन परक्याला इकत न्हाय ते. आनि मानसं दर्यावरची. एवढ्या लांब दर्यातल्या मानसाला कोन पट्टा घालनार? तुज्या कसोटीत कायतरी गडबड हाय."

"आतलं त्यांचं, बाहेरचं इंग्रजांचं. पट्टे."

"बाहेरचं म्हंजे काय? बाहेर दर्या हाय. दर्या कोनाचा?"

ज्ञानदेवने घंटेचा हातोडा माझ्या हातात दिला, शिडी भिंतीला लावली आणि टोंगाजवळ जाऊन बघायला लागला. खाली शेठ ॲटलास उघडून उभे. साडेसात कधीच वाजून गेले होते. मी घंटा मारली, पण त्या दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.